पस्तिसाव्या किलोमीटरला पोट बंद पडतंय? अल्ट्रामधल्या (मॅरेथॉनहून लांब शर्यतीतल्या) मळमळीचा तपास, सोप्यापासून अवघडापर्यंत

चाळकेवाडीच्या पठारावर सावली म्हणजे पवनचक्कीच्या खांबाची जमिनीवर पडलेली पट्टी, बाकी सगळं उघडं. आमचा गट डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी असा लाँग रन करतो. जाऊन-येऊन पन्नासच्या वर भरतो. सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्या पट्टीत एकामागे एक माणसं ओळीनं बसलेली दिसतात आणि त्यातला एक तरी हात गुडघ्यावर टेकून, तोंडात लाळ जमवत म्हणतो, "काका, पाणी पिलं की वर येतंय, आणि नाही पिलं तर चक्कर येतीय."

गेली कित्येक वर्षं धावणारा म्हणून, आणि त्याहून जास्त वेळा पाण्याच्या टेबलामागे उभा राहणारा म्हणून, मी हीच तक्रार ऐकत आणि सोडवत आलो आहे. पायांचा सराव पुरेसा झालेली माणसं पोटापायी शर्यत सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ती सोडावी लागत नाही. पण काही वेळा ती लगेच सोडावी लागते आणि तिथे उशीर जिवावर बेततो. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यावेत म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

लक्षणं कोणत्या क्रमानं येतात

उलटी अचानक होत नाही. तिच्या आधी तास-दीड तास पोट सांगत असतं. पहिल्यांदा गोड नकोसं होतं. तीन तास आवडीनं खाल्लेलं जेल (धावताना चोखायचा पाकिटातला घट्ट गोड पाक) किंवा खजूर हातात घेतला तरी तोंड वाकडं होतं. मग कोरडे ढेकर सुरू होतात. मग पोटात पाणी डबडबतं. उतारावर पळताना हा आवाज शेजारच्यालाही ऐकू येतो. त्यानंतर तोंडाला सारखी लाळ सुटते, जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो. उलटी त्याच्या पुढची पायरी.

साधारण वेळ म्हणाल तर चार ते सात तासांच्या दरम्यान, ऊन वर आल्यावर, बहुतेकदा मोठ्या चढानंतर. तुमची मळमळ पहिल्या तासातच सुरू होत असेल, तर ती आदल्या रात्रीच्या जेवणाची किंवा सुटतानाच्या घाईची असते. खालचा जेवणाचा भाग आधी वाचा.

पहिली तपासणी: वेग. पैसा लागत नाही, फक्त मन घट्ट करावं लागतं

मळमळ जाणवली की माणूस खिशात हात घालतो आणि गोळी, लिंबू, जेल असं काहीतरी तोंडात टाकतो. थांबा. आधी तोंडात काहीच घालू नका, आधी चाला.

जोरात चढताना शरीर रक्त पायांच्या स्नायूंकडे वळवतं. ऊन असेल तर घाम काढून अंग गार ठेवायला कातडीकडेही रक्त लागतं. दोन्हीकडे वाटून झाल्यावर पोटाच्या आणि आतड्याच्या वाट्याला फार थोडं उरतं. पोटातलं पुढे सरकत नाही, साचतं. अशा पोटात आणखी काही टाकणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत बादली ओतणं.

वेग ठीक आहे का हे बघायला घड्याळ लागत नाही. चढावर घरचा पूर्ण पत्ता, गल्लीपासून पिनकोडपर्यंत, एका लयीत मोठ्यानं सांगून बघा. मध्ये दोनदा श्वास तुटला तर तुम्ही पोटाला परवडेल त्याहून जोरात जाताय. पंधरा-वीस मिनिटं निवांत चाला, कमरेचा पट्टा आणि बॅगेचा पोटावरचा बकल सैल करा. उताणं झोपू नका. झोपलं की आंबट पाणी घशाशी येतं. मी पाहिलेल्या मळमळींपैकी निम्म्याच्या आसपास एवढ्यावरच बसल्या. कटऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळेत न पोहोचल्यास शर्यतीतून बाद होण्याची, भीती मला कळते, पण चालत घालवलेली वीस मिनिटं पुढे भरून निघतात. उलट्या करत बसलेला दीड तास निघत नाही.

दुसरी: ऊन

डिसेंबरात पहाटे पाचला कानटोपी घालून सुटतो, आणि नऊनंतर तोच काळा फुलबाहीचा टीशर्ट अंगात असतो. वारा असल्यानं गरम होतंय हे कळतच नाही. पठारावरचा वारा घाम लगेच वाळवतो. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसेल तेव्हाच समजतं की केवढा घाम गेलाय.

उपाय साधा. टोपी किंवा पंचा भिजवून डोक्यावर आणि मानेवर घ्या, बाह्यांवर पाणी मारा, दहा मिनिटं सावलीत थांबा. अंग गार झालं की कातडीकडे गेलेलं रक्त थोडं परत पोटाकडे फिरतं. म्हणून बाटलीतलं अर्धं पाणी डोक्यावर ओतणं ही उधळपट्टी नाही. ज्याच्या पोटात पाणी राहत नाही त्याला त्या घटकेला पिण्याच्या पाण्यापेक्षा हे पाणी जास्त कामी येतं.

तिसरी: बाटलीत काय आहे

इथे बाटली हातात घेऊन बघायची. तोंडाशी बोट लावलं आणि ते चिकटलं, की मला अंदाज येतो. एका ताईंच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत त्यांनी ग्लुकोज पावडरचं शंभर ग्रॅमचं अख्खं पाकीट रिकामं केलं होतं, वर लिंबू आणि साखर. "ताकद टिकावी म्हणून." वर दर पाऊण तासाला जेल चालूच.

गोड पेयात शंभर मिलीला सहा ते आठ ग्रॅम साखर पोट सहसा सहन करतं. अर्ध्या लिटरला म्हणजे तीस ते चाळीस ग्रॅम. त्या ताईंच्या बाटलीसारखं वीस टक्क्यांच्या वरचं पाणी पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं. ते आतड्यात पोहोचलं की तिथली दाटी कमी करायला शरीर स्वतःचंच पाणी आत ओढतं. पोट फुगतं, डबडबतं, आणि माणूस वरून पीत असूनही कोरडा पडत जातो.

तपासणी: पुढचा अर्धा तास फक्त साधं पाणी, घोट-घोट, आणि जेल बंद. जेल घेतलंच तर त्यावर साधंच पाणी, गोड पेय नाही. त्या ताईंची बाटली आम्ही रिकामी करून धुतली. ठोसेघरला परत येईपर्यंत त्या केळं खात होत्या.

ओआरएसबद्दल एक गोष्ट, कारण इथे फार गोंधळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे ते पाणी आणि क्षार भरून काढण्याचं औषध आहे, त्यात पळण्यापुरतं इंधन नाही. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं. अर्ध्या लिटरमध्ये घातलं की तेही दाट होऊन मळमळ वाढवतं. बाजारात खोक्यात मिळणारी गोड पेयं अनेक वर्षं याच नावावर खपली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) त्यांना ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी जुनी सवय जात नाही, म्हणून पाकिटावरचं सूत्र वाचून घ्या.

चौथी: पाणी जास्त झालं की कमी

या तपासणीत चूक झाली तर उपायच घातक ठरतो. म्हणून इथे सावकाश.

पाणी कमी पडलं तरी मळमळ होते आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं तरी मळमळच होते. बघणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच दिसतात: पडलेला चेहरा, गरगरणं, उलटी. आणि आपल्याकडे प्रत्येक टेबलावरचा स्वयंसेवक प्रेमानं एकच सांगतो, "पाणी प्या, अजून प्या."

मी आधी हात बघतो. बोटातली अंगठी फिरते का? घड्याळाचा पट्टा सकाळी होता त्याच भोकाला आता रुतलाय का? बोटं फुगून सॉसेजसारखी झाली असतील, डोकं ठणकत असेल, पोट फुगलं असेल आणि माणूस दर टेबलावर दोन-दोन बाटल्या साधं पाणी पीत आला असेल, तर पाणी थांबवायचं. रक्तातलं सोडियम पातळ होऊन लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या धावकांमध्ये हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला. त्याआधी अशा माणसाला सगळे पाणी कमी पडल्याचा रुग्ण समजत. मेंदूला सूज येते, झटके येतात, माणूस दगावतो.

उलट बाजूला तोंड कोरडं, तहान जोराची, अंगठी सैल, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, लघवी थोडी आणि गडद पिवळी, अशी लक्षणं असतील तर पाणी कमी आहे. त्याला ओआरएस द्या, पण दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट. घटाघटा प्यायलेली बाटली तशीच बाहेर येते.

फक्त लघवीवरून ठरवू नका. दोन्ही प्रकारात ती बंद होऊ शकते. शक्य असेल तिथे वजनकाटा हा सर्वात सरळ साक्षीदार. सुटतानाच्या वजनापेक्षा दीड-दोन किलो कमी भरणं सहा तासांनंतर सामान्य आहे. वजन वाढलं असेल तर ती धोक्याची खूण. आम्ही आता गावातल्या दुकानदाराकडून बाथरूमचा काटा मागून टेबलाखाली ठेवतो.

आणि मिठाच्या गोळ्या. मीठ गेलेलं भरून काढायला त्या ठीक, पण जास्त पाणी पिण्याचा दोष त्यांनी धुतला जात नाही. रिकाम्या पोटी दोन घोटांवर गिळलेली मिठाची गोळी स्वतःच ओकारी आणते. तहान लागेल तसं प्या. आपला घाम किती जातो हे घरीच मोजता येतं. तासभर पळण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करा, जेवढं घटलं त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. थंडीत आणि मे महिन्यात आकडा वेगळा येईल, म्हणून शर्यतीच्या मोसमात मोजा.

पाचवी: खिशातल्या गोळ्या

गुडघा दुखतोय म्हणून सकाळी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला विचारतो. या गोळ्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात आणि आधीच रक्त कमी मिळणाऱ्या मूत्रपिंडावर आणखी ताण टाकतात. शर्यतीत घेऊच नका. घेतली असेल तर दुसरी घेऊ नका आणि डॉक्टरांपर्यंत जायची वेळ आली तर पहिल्या वाक्यात ते सांगा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर शर्यतीचा विचार करतानाच आपल्या डॉक्टरांशी बोला.

सहावी: जेवण

आदल्या रात्री बाहेरगावचे पाहुणे येतात आणि साताऱ्यात आलोय तर अख्खा मसूर, भाकरी, ठेचा हवाच. खाऊ द्या, पण शर्यत झाल्यावर. कडधान्य आणि तिखट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काम करत राहतं. शेवटचे दीड-दोन दिवस वरण-भात, बटाटा, पोळी, केळं एवढ्यावर काढा. पहाटे दुधाचा चहा सवयीचा असेल तर अर्धा कप, नसेल तर नाही. कंदी पेढाही अंतिम रेषेनंतरच. त्यातला स्निग्धांश पोट रिकामं व्हायला उशीर लावतो. शेंगदाण्याचा लाडू, तुपातली बर्फी यांचंही तसंच. धावताना थोडं-थोडं, नुसतं पिठूळ आणि गोड खावं.

उलटी झालीच तर

घाबरू नका. एक उलटी म्हणजे शर्यत संपली असं नसतं. पुष्कळदा तिच्यानंतर मोकळं वाटतं आणि त्या मोकळेपणात माणूस लगेच बाटली तोंडाला लावतो. दहा-पंधरा मिनिटं काहीही नको. चूळ भरा. मग एक घोट साधं पाणी, पाच मिनिटं वाट, राहिलं तर पुढचा घोट. तो अर्धा तास टिकला की काहीतरी खारट आणि कोमट. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त लागू पडते ती मीठ घातलेली भाताची पेज. थर्मासमध्ये भरून नेतो. गोडाला विटलेलं तोंड ती घेतं. बरोबर आल्याचा पातळ तुकडा दाढेखाली. आल्याची शेती आपल्याच जिल्ह्यात भरपूर आहे, आणि आलेपाकाची वडी खिशात सहज राहते. दूध नको, तळलेलं नको. मग चालत निघा, आणि पहिला तासभर चालतच राहा.

सातवी आणि सर्वात मेहनतीची: पोटाचा सराव

वरचं सगळं करूनही दर शर्यतीला तेच होत असेल तर उत्तर शर्यतीच्या दिवशी सापडणार नाही. यवतेश्वरच्या घाटात आपण पाय घडवतो, पण पोटाला मात्र थेट शर्यतीत पहिल्यांदा सात तास खायला लावतो. आतड्याला पळताना साखर शोषायची सवय लावावी लागते आणि ती लागते.

तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हे बहुतेकांचं उद्दिष्ट. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम, दीडशे ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात तीस, गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात नऊ. सहा ते आठ आठवडे, दर लाँग रनला, ठरलेल्या वेळी ठरलेलं खायचं. पहिल्या दोन रविवारी तीस ग्रॅम, मग हळूहळू वाढवत न्यायचं. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साठ ग्रॅमच्या आसपासच आत घेतं. फ्रुक्टोजला वेगळा दरवाजा आहे, म्हणून केळं, खजूर, गूळ यांचं मिश्रण एकट्या ग्लुकोज पावडरपेक्षा बरं पचतं. शर्यतीत काय वाटणार आहेत हे आधी विचारून तेच सरावात खा. एका मुलानं सलग तीन शर्यती पोटापायी सोडल्या होत्या. त्यानं दोन महिने प्रत्येक रविवारी अजिंक्यताऱ्याच्या चार-पाच फेऱ्या मीठ लावलेला बटाटा खात केल्या. चौथी शर्यत त्यानं पूर्ण केली. एकदा मळमळला, वीस मिनिटं चालला, पुढे गेला.

इथे थांबायचं. घरगुती उपाय बंद

खालीलपैकी एकही दिसलं तर बिब (छातीवरचा शर्यतीचा नंबर) काढा, कटऑफ विसरा, डॉक्टर किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

माणूस असंबद्ध बोलतोय, गावाचं नाव चुकतोय, सरळ रेषेत चालता येत नाही, झटका आला. अंग तापलेलं आणि भान हरपत असेल तर तो उष्माघात. रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका, तिथल्या तिथे गार पाण्यानं भिजवायला सुरुवात करा, आधी गार आणि मग गाडी. बोटं सुजलेली, डोकं ठणकतंय आणि उलट्या सुरू असतील तर साधं पाणी देऊ नका, आणि दवाखान्यात "आधी सोडियम तपासा, मगच सलाईन" असं नम्रपणे पण ठामपणे सांगा. गावाकडे गेल्या गेल्या बाटली लावायची पद्धत आहे. या आजारात ती उलटी पडू शकते.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं. लघवी कोलासारखी गडद तपकिरी. स्नायू झिजून मूत्रपिंडावर आल्याची ती खूण. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं. मळमळ हे हृदयाचंही लक्षण असतं, विशेषतः चाळिशीच्या पुढे. पोटात एकाच जागी वाढत जाणारी कळ. आणि दीड-दोन तासांत एक घोटही पोटात न टिकणं.

अशा माणसाला "तू हळूहळू ये मागून" म्हणून एकटं सोडू नका, तंबूत एकटं झोपवूही नका. पठारावर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, तेव्हा एकजण त्याच्याजवळ आणि एकजण रेंजच्या दिशेनं, असं वाटून घ्या.

शर्यतीनंतर त्याच संध्याकाळी पाच गोष्टी लिहून ठेवा: मळमळ कितव्या तासाला, तोवर काय आणि किती खाल्लं, किती प्यायलं, ऊन कसं होतं, कोणती गोळी घेतली. तीन वेळा हे सगळं सांभाळूनही पोट बिघडलं, किंवा न धावतानाही मळमळ, जळजळ, वजन घटणं होत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा आणि जाताना हा कागद, जेलची आणि पावडरीची रिकामी पाकिटंही बरोबर न्या.